ई-पुस्तकाचं कुलूप काढायचंय? आधी माझ्या सासूबाईंना विचारा

आमच्या वाडीत एकवीस घरं. त्यातल्या नऊ घरांना वर्षाचे दहा-अकरा महिने कुलूप असतं. माणसं मुंबईला, वसई-विरारला, एक बिऱ्हाड तर दुबईला. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात, बाकी घरं बंद. त्यातल्या पाच घरांच्या किल्ल्या माझ्या सासूबाईंच्या पेटीत आहेत, प्रत्येकीला वेगळ्या साडीची चिंधी बांधलेली, म्हणजे अंधारातही कळावं कुठली कोणाची. मृगाच्या आधी एकदा, श्रावणात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा त्या घरं उघडतात, केर काढतात, कुठे कौल सरकलंय, कुठे वाळवी चढलीय ते बघतात आणि परत कुलूप घालतात. मी लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा एका बंद घराच्या पडवीतला पाटा बघून म्हटलं होतं, "हा नुसताच पडलाय, आपण वापरू या की." तर म्हणाल्या, "किल्ली राखायला दिलीय, पाटा नाय."

हे सगळं पुस्तकांच्या लेखात कशाला, ते पुढे येईल.

माझं दापोलीत झेरॉक्स-प्रिंटचं दुकान आहे. अठरा वर्षं झाली. सुरुवातीला सात-बारा, मार्कशीट आणि लग्नपत्रिका, एवढंच चालायचं. आता लोक मोबाइल पुढे करतात नाहीतर पेनड्राइव्ह ठेवतात आणि म्हणतात, "ताई, हे पुस्तक उघडत नाहीये, जरा लॉक काढून द्या ना." जसं काही मी किल्ल्या बनवणारी आहे. महिन्यातून चार-पाच तरी असे येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदा लिहून टाकते. कुलूप कुठल्या हत्याराने तोडायचं ते या लेखात मिळणार नाही, त्याचं कारणही पुढे देते. हत्याराला हात घालण्याआधी काय काय बघायचं, ते मिळेल.

कुलूप आहे का, तेच आधी बघा

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फायलींना कुलूप नसतंच. गिऱ्हाईक 'डीआरएम', म्हणजे ई-पुस्तकाचं हे तांत्रिक कुलूप, हा शब्द कुठेतरी ऐकून आलेला असतो आणि फाइल उघडली नाही की तोच दोष.

ईपब ही ई-पुस्तकांची नेहमीची फाइल, म्हणजे खरं तर झिपचं गाठोडं असतं. फाइलची आधी एक प्रत करा, मूळ फाइलला हात लावू नका. कॉम्प्युटरवर त्या प्रतीच्या नावाची शेपटी 'ईपब'च्या जागी 'झिप' करा आणि उघडा. आत 'मेटा-इन्फ' नावाचा फोल्डर दिसेल. त्यात एकटी 'कंटेनर' फाइल बसलेली असेल तर पुस्तक मोकळं आहे, तुमचं ॲप बदला, उघडेल. 'राइट्स' नावाची फाइल असेल तर ते अडोबी कंपनीचं कुलूप. 'लायसन्स' नावाची आणि 'एलसीपीएल' शेपटीची असेल तर एलसीपी नावाच्या दुसऱ्या पद्धतीचं कुलूप. 'कंटेनर'बरोबर फक्त 'एन्क्रिप्शन' फाइल दिसली तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. कधी कधी फक्त फॉन्ट झाकलेले असतात, मजकूर उघडाच असतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि यात काहीही तोडायचं नाही, दाराच्या फटीतून बघण्यासारखं.

दुसरा नेहमीचा प्रकार 'एसीएसएम' फाइलचा. लोक ती पेनड्राइव्हवर घेऊन येतात आणि म्हणतात पुस्तक खराब झालं. अहो, ती फाइल जेमतेम काही केबीची असते, चारशे पानं त्यात मावतील कशी? ती रेशनची पावती आहे, तांदूळ नव्हे. पावती घेऊन दुकानात जायचं, म्हणजे अडोबीच्या 'डिजिटल एडिशन्स' या वाचायच्या प्रोग्राममध्ये आपल्या आयडीने लॉगिन करून ती फाइल उघडायची, की पुस्तक उतरतं. एकाच आयडीवर सहा कॉम्प्युटरपर्यंत चालतं. बहुतेकांचं काम इथेच होतं आणि मी वीस रुपये घेते.

ॲमेझॉनच्या किंडलचं वेगळं. पुस्तकाच्या विक्रीच्या पानावर खाली तपशिलात एकाच वेळी किती उपकरणांवर चालेल ती ओळ असते. तिथे 'अमर्याद' असेल तर सहसा लेखकाने किंवा प्रकाशकाने कुलूप घातलेलं नाही असं समजायचं. पूर्वी वेबसाइटवरून पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून तारेने किंडलमध्ये टाकता यायचं. फेब्रुवारी २०२५ अखेर ते बंद झालं. त्यामुळे जुन्या लेखांत 'आधी फाइल उतरवा' असं लिहिलेलं वाचून येऊ नका.

मग बघा, पुस्तकावर कोणाचा हक्क उरलाय का

आपल्याकडे लेखक गेल्यानंतर, ते वर्ष संपल्यापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. पालगड इथून फार लांब नाही, म्हणून साने गुरुजींचंच उदाहरण घेते. गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लिखाण सगळ्यांचं झालं. मालगुंडचे केशवसुत तर १९०५ सालीच गेले. पण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेले पां. वा. काणे १९७२ साली गेले, त्यांचे ग्रंथ २०३३ उजाडल्यावर मोकळे होतील. जुना लेखक दिसला की फुकट, असं नसतं. आणि लेखक मोकळा झाला तरी एखाद्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, चित्रं आणि अनुवाद यांवर दुसऱ्याच कोणाचा हक्क असू शकतो.

तरी मोकळ्या पुस्तकासाठी कुलूप तोडत बसणं हा वेडेपणाच. मराठी विकिस्रोतावर बघा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांची परवानगी घेऊन पुस्तकं वाटतं. मागे एक बाई एका साइटवरून साठ रुपयांना घेतलेलं कुलूपबंद पुस्तक घेऊन आल्या होत्या, आणि तेच पुस्तक विकिस्रोतावर अक्षरशः उघड्यावर पडलेलं होतं. साठ रुपये गेले ते गेले.

नेमकं हवंय काय, ते स्वतःला विचारा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण कुलूप काढायला आलेल्या दहांतल्या आठांना कुलूप काढायचंच नसतं. त्यांना दुसरं काहीतरी हवं असतं.

पहिली मीच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या केळशीच्या घरावरची निम्मी कौलं उडाली, पोफळी काडीपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. दापोली-मंडणगडात वीज कित्येक दिवस नाही, टॉवर सगळे आडवे. टाळेबंदी चालूच होती, दुकान बंद. दीर बोटीच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करून आणायचे. म्हटलं निदान वाचत बसू. एका ॲपवर मी चौदा पुस्तकं विकत घेतली होती, त्यातली तीन उघडली. बाकीच्या अकरांवर नुसतं चाक फिरतंय. मी त्या कंपनीला आणि तिच्या कुलपाला काय काय शिव्या घातल्या! वीज आल्यावर कळलं, कुलपाचा त्यात काही संबंध नव्हता. पुस्तकं मी घेतली होती, पण डाउनलोडचं बटण दाबलंच नव्हतं. ती सगळी त्यांच्या सर्व्हरवर बसली होती.

तेव्हापासून आमच्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या यादीत कोकम, सुकट, पापड, लाकूडफाटा यांच्याबरोबर पुस्तकंही असतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळी पुस्तकं उतरवते आणि मग मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून एकेक पुस्तक उघडून, मधलं एखादं पान उलटून बघते. न उलटता ठेवलेल्या पुस्तकावर भरवसा नाही. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणतात, "लोणच्याची बरणी बघतेस तशी काय बघतेस मोबाइलात?" तसंच बघायचं असतं.

दुसरं उदाहरण ठाण्याहून आलेल्या एका मुलाचं. वडील गेले होते, त्यांच्या खात्यावर पन्नास-साठ पुस्तकं. ओटीपी जाणारं सिम आता बंद होणार, म्हणून घाईने आलेला. "सगळी काढून द्या ताई, बाबांची आठवण आहे." मी म्हटलं, बस आधी. आधी ते सिम चालू ठेवायला रिचार्ज मार. मग विचारलं, यातलं तू काय वाचणार आहेस? तो गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, "वाचणार काहीच नाही हो. बाबा रेघा मारायचे आणि बाजूला काहीतरी लिहायचे. ते हवंय." आता त्या टिपा तर त्याच्या वडिलांच्या स्वतःच्या, त्यांना कोणाचं कुलूप नाही. किंडलच्या नोटबुकच्या पानावर सगळ्या रेघा आणि टिपा एकत्र दिसतात, ॲपमधून ईमेलही करता येतात. पुस्तकातला मूळ मजकूर किती बाहेर काढू द्यायचा याला प्रकाशकाने घातलेली मर्यादा असते, पण माणसाने स्वतः लिहिलेलं मिळतं. पंचेचाळीस पानं निघाली. स्पायरल लावून दिली.

तिसरं, छापून हवं असणाऱ्यांचं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाची कुलूपबंद फाइल घेऊन एक पोरगा आला. मावसभावाने घेतलेली. कुलूप काढा आणि आमच्या ग्रुपसाठी वीस प्रती मारा म्हणाला. मी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. पानं ४१२. एका बाजूला एक रुपया धरला तर ४१२, वर स्पायरलचे ५०. पुस्तकाची छापील किंमत ३९५! तो हुशार, म्हणाला, "एका बाजूला दोन पानं बसवा." बसवली. २०६ अधिक ५०, झाले २५६. पुस्तकाच्या दुकानात वीस टक्के सूट मिळते, म्हणजे ३१६. साठ रुपयांसाठी बारीक अक्षर, डोळ्यांची वाट आणि वर माझ्या गळ्यात खटला. त्याने दिल्लीच्या झेरॉक्सवाल्याची गोष्ट काढली. ती मला पाठ आहे, आमच्या धंद्यात सगळ्यांनाच आहे. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दुकानदाराच्या बाजूने निकाल दिला, पुढे प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. पण तो निकाल वर्गात शिकवण्यासाठी निरनिराळ्या पुस्तकांतले भाग एकत्र केलेल्या संचाबद्दल होता. अख्खं गाइड वीसदा मारण्याबद्दल नव्हता. पोरगा हिरमुसला खरा, पण पाच जणांत मिळून दोन पुस्तकं घेतली असं नंतर कळलं.

मराठी प्रकाशकांच्या बाबतीत तर आणखी एक सोपा उपाय आहे, जो कोणी करत नाही. फोन करायचा. आपले बरेचसे प्रकाशक म्हणजे दोन खोल्या, चार माणसं. फोन मालकच उचलतो. पावतीचा फोटो पाठवून "घेतलेलं पुस्तक नवीन मोबाइलवर चालत नाही" असं सांगितलं तर मला एकाने दोन दिवसांत साधी पीडीएफ पाठवून दिली होती. घरमालकाला विचारून दार उघडलं की सगळे प्रश्न मिटतात.

तुम्ही मालक नाही, कूळ आहात

कोकणातल्या माणसाला हे समजायला सोपं आहे, खोत आणि कूळ आपल्या रक्तात आहे. ई-पुस्तकावर 'विकत घ्या' असं बटण असलं तरी तुम्हाला मिळतो तो वाचण्याचा परवाना. कागदी पुस्तक मी वाचून नणंदेला देते, ती रद्दीत देते, रद्दीवाला परत माझ्याच दुकानाबाहेर विकायला बसतो, कोणाचं काही जात नाही. ई-पुस्तकाला हे लागू नाही. युरोपच्या न्यायालयानेही डिसेंबर २०१९ मध्ये सेकंड-हँड ई-पुस्तकं विकणाऱ्या एका डच कंपनीच्या विरोधात हाच कल दिला. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे की तुम्ही परवाना घेताय हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

आणि कुळाला बाहेर काढता येतं. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणून. त्यातलं एक पुस्तक नेमकं ऑर्वेलचं '१९८४' होतं, त्यामुळे गाजलं फार. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं, विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत दिले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आमच्याकडे एका हापूसच्या कलमावर सात-बाऱ्यात सात जणांची नावं असतात आणि आंबे कोणी काढायचे यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत. पण शंभर पुस्तकं विकत घेतलेल्या माणसाचं नाव एकाही पुस्तकावर मालक म्हणून नसतं. कुळांना जमिनीचे मालक ठरवणारा कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा आणि आपला कॉपीराइट कायदाही १९५७ चाच. कसेल त्याची जमीन झाली. वाचेल त्याचं पुस्तक असं मात्र कोणी म्हटलं नाही. मला हे पटत नाही, ते स्पष्ट सांगते. पण पटत नाही म्हणून काहीही करावं, असंही नाही.

कायदा काय म्हणतो

मी वकील नाही. दुकानावर बालंट येऊ नये म्हणून जेवढं वाचून ठेवलंय तेवढं सांगते.

२०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्काचा भंग करण्याच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडही. यातला 'हेतू' हा शब्द धरून ठेवा. त्याच कलमात पुढे आहे की कायद्याने मनाई न केलेल्या कारणासाठी तोडलं तर ते या गुन्ह्यात बसत नाही. आणि कलम ५२ मध्ये स्वतःच्या खाजगी वापरासाठी, अभ्यासासाठी रास्त वापराला जागा ठेवली आहे. रास्त म्हणजे किती, यावर वकिलांची पोटं भरतात. अमेरिकेत उलटं. तिथल्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडण्यालाच मनाई आणि कोणाला सूट ते दर तीन वर्षांनी ठरतं. म्हणून परदेशी माणसाचा व्हिडिओ बघून 'हे चालतं' किंवा 'हे चालत नाही' असं ठरवू नका. त्याचा पाऊस वेगळा, आपला वेगळा. शिवाय कायद्यातून सुटलात तरी कंपनीबरोबरचा करार असतोच. नियम मोडला म्हणून ती खातं बंद करू शकते.

आता माझ्यासारखीच्या कामाची ओळ. दुसऱ्याला असं कुलूप काढायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कशासाठी मदत केली त्याची पूर्ण नोंद ठेवायची, असं ६५अ सांगतं. हे वाचलं त्या दिवशी मी दोनशे पानी लाँगबुक आणली. चार रकाने आखले: तारीख, नाव-पत्ता, पुस्तक आणि पावती, कशासाठी. शेवटचा रकाना गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने भरायचा. या वहीची गंमत अशी की ती पुढे सरकवली की निम्मे लोक "राहू दे ताई, नंतर येतो" म्हणतात. 'मित्रांना वाटण्यासाठी' असं स्वतःच्या अक्षरात कोण लिहील? आणि हत्यार कुठलं ते मी इथे का लिहीत नाही, त्याचंही कारण हेच. हे वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांची नावं माझ्या वहीत कुठे आहेत?

वहीत आजवर पूर्ण भरलेल्या ओळी फक्त तीन. त्यातल्या दोन सांगते.

एक आमच्याच शाळेतले निवृत्त गुरुजी. डोळ्याच्या मधोमध दिसत नाही, कडेने दिसतं. विकत घेतलेलं पुस्तक मोबाइलने मोठ्याने वाचावं एवढीच इच्छा, पण ते ॲप वाचून दाखवणाऱ्या आवाजाला आत घेत नव्हतं. इथे कायदाही गुरुजींच्या बाजूचा आहे. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तक सुलभ रूपात आणायला कलम ५२ परवानगी देतं, आणि हे करायला कोणी संस्थाच लागते असं नाही. दृष्टिहीनांसाठीच्या २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सगळ्यात आधी मान्यता देणारा देश आपला. तरी मी आधी गुरुजींचं नाव सुगम्य पुस्तकालयात घातलं. २०१६ पासून ते चालू आहे, वाचू न शकणाऱ्यांना सुलभ रूपातली पुस्तकं तिथे मिळतात. तिथे हवं ते पुस्तक नव्हतं. मग प्रकाशकाला दोन ईमेल, उत्तर नाही. मग वही. आणखी एक सांगून ठेवते. बरीच मराठी ई-पुस्तकं म्हणजे पानांचे फोटो असतात. तिथे कुलूप काढूनही आवाज येत नाही, आधी अक्षरं ओळखून घ्यावी लागतात. गुगल डॉक्स मराठी बऱ्यापैकी ओळखतं, जोडाक्षरांत चुका करतं, एकदा नजर फिरवावी लागते.

दुसरी नोंद माझीच. एका ॲपवर सात पुस्तकं होती. नवीन फोनवर ॲप चालेना, त्यांचा फोन लागेना, ईमेल परत आला. तिथे मला वादळातलं एक घर आठवलं. त्या घराची किल्ली सासूबाईंकडे नव्हती, मालक नालासोपाऱ्याला. छप्पर उडालेलं, पाऊस आत, आणि सगळीकडचे फोन बंद. दोन दिवस वाट बघून दीर आणि शेजारच्यांनी कुलूप तोडलं, भाताच्या कणग्या आणि ट्रंका कोरड्या कोपऱ्यात सरकवल्या, वर ताडपत्री टाकली. आणि निघताना दुकानातून नवीन कुलूप आणून घातलं. किल्लीला चिंधी बांधून सासूबाईंच्या पेटीत ठेवली. मालक गणपतीला आले तेव्हा सासूबाईंनी आधी किल्ली आणि मग कुलपाची पावती त्यांच्या हातात ठेवली. एकशेचाळीस रुपये त्यांनी दिलेही.

मी पुस्तकांच्या बाबतीत आता तेवढंच बघते. पैसे भरलेत का. मालकाला गाठायचा खरा प्रयत्न केलाय का. तोडलं नाही तर वस्तू कुजणार आहे का. आणि तोडल्यावर नवीन कुलूप कोण घालणार. महिन्याच्या वर्गणीवर वाचायला मिळणारी किंवा वाचनालयाची पुस्तकं यात येतच नाहीत. ती सायकल भाड्याची आहे, तासाने परत करायची.

कुलूप काढल्यावर

तुमच्या कॉम्प्युटरवर एक प्रत, वेगळ्या डिस्कवर एक. आमच्याकडे पावसाळ्यात मेमरी कार्डाच्या पट्ट्यासुद्धा हिरव्या पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि दिवाळीला उघडून बघा. फाइलच्या नावात कधी घेतलं ते लिहा, पावती शेजारीच ठेवा. ढगातल्या, म्हणजे क्लाउडवरच्या फोल्डरला 'लिंक असलेल्या कोणालाही' ही खूण चुकूनही लावू नका.

आणि कोणाला देऊ नका. भाच्यालाही नाही. हे मी शिकले ते असं.

इथल्याच एका लेखकाचं पुस्तक मी थेट प्रकाशकाकडून घेतलं होतं. त्याला कुलूप नव्हतंच. पण प्रत्येक पानाच्या तळाला बारीक करड्या अक्षरात माझं नाव आणि मोबाइल नंबर छापलेला होता. मला ही पद्धत फार आवडली, कुलपापेक्षा सभ्य. भाचा म्हणाला, "मावशी, मला दे ना, मी कोणाला देत नाही." दिलं. त्याने फक्त एका मित्राला दिलं. तीन आठवड्यांनी तेच पुस्तक पंचक्रोशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडलं, दोनशेचाळीस माणसं, आणि प्रत्येक पानाखाली मी. मग फोन सुरू झाले. संगमेश्वरहून, सावंतवाडीहून, एकदा तर मस्कतहून. "ताई, पुस्तक छान आहे, दुसरा भाग आहे का?"

लेखक माझ्याच दुकानात हस्तलिखित झेरॉक्स करायला यायचे, पान पान मोजून पैसे द्यायचे. त्यांच्या घरी गेले, झालं ते सांगितलं, वीस प्रतींचे पैसे पुढे केले. घेतले नाहीत. कोकमचं सरबत दिलं आणि म्हणाले, "पैसे ठेव तुझ्याकडे. तुझा नंबर तरी बदल." नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला, बदलणार कसा?

दोन वर्षांनी यंदा दुसरा भाग आलाय. फोन अजून येतात, महिन्याला एखाद-दुसरा. मी प्रकाशकाचा नंबर पाठ केलाय, तो सांगते आणि फोन ठेवते.